चिचबेटाचं वरचं घर

या सदरात येणारे अनुभव मी नेहमी वाचते. हसायला वाचते, खोटं कशाला बोलू. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईल काढायचा आणि बघायचं, आज कोणाला कुठे काय दिसलं. घाटातली बाई, पुलावर लिफ्ट मागणारा म्हातारा, हॉस्टेलच्या बाथरूममधला आपोआप सुरू होणारा नळ... आणि शेवटी ठरलेलं, ‘आजही आठवलं की अंगावर काटा येतो’. अहो, नळाचा वॉशर बदला, काटा जाईल.

मला हे बोलायचा हक्क आहे, कारण भुतं बनवणं हा माझा जोडधंदा आहे. राजुऱ्यात बस स्टँडजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे, अब्बांपासूनचा. नाव शाहीन. लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग, सगळं शूट करते. त्याशिवाय एक चॅनलवाला आहे, तो जंगलातल्या भयानक जागांचे व्हिडिओ टाकतो आणि एडिटिंग माझ्याकडून करून घेतो. त्याच्या व्हिडिओत झुडपामागून जी सावली सरकते ना, ती आमच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवरची माझी ओढणी आहे. बाईच्या रडण्याचा आवाज म्हणजे माझा भाचा, उलटा फिरवून, स्पीड कमी करून. खाली लोक कमेंट टाकतात, ‘मी पण ऐकला भाऊ, कसम से’. अशा लोकांबद्दल माझं काय मत असेल ते सांगायला नको.

तर या बाईला — म्हणजे मला — जे झालं ते लिहिते आहे. आवडलं तर वाचा, नाहीतर पुढच्या नळाकडे जा.

देवाजीभाऊ म्हणून एक माणूस मे महिन्यात दुकानात आला. पन्नाशीचा, ढिवर समाजाचा, मासेमारी आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगरवाडी, म्हणजे खरबुजाची वाडी. त्याच्या लग्नाचे फोटो अब्बांनी काढले होते, त्या ओळखीवर आला. त्याच्या गावाला म्हाताऱ्या माणसांचे जबाब व्हिडिओवर घ्यायचे होते. गाव बेटावर. समुद्रातलं बेट नव्हे, आमच्याकडे समुद्र कुठून आणायचा. राजुऱ्याहून गोंडपिपरी, पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की आष्टी, तिथून अहेरीचा रस्ता. त्या रस्त्यावरून एका फाट्याला उजवीकडे आत गेलं की प्राणहिता नदी लागते. अलीकडचा काठ आपला, पलीकडचा तेलंगणाचा, आणि मधोमध हे चिचबेट.

सरकारी कागदावर त्याचं नाव ‘चिचबेट रिठी’. रिठी म्हणजे ओसाड गाव, जिथे कोणी राहत नाही. मी उतरले तेव्हा या ओसाड गावात एक बाई सुनेला शिव्या घालत होती, कोंबड्या पायात येत होत्या आणि एका छपरावर डिशची छत्री होती. ओसाडपणा असावा तर असा.

भानगड काय होती ते डोंग्यात बसल्या बसल्या देवाजीभाऊने सांगितलं. बेट जंगल खात्याच्या हद्दीत धरलेलं. राहत्या जागेचा हक्क हवा असेल तर तीन पिढ्यांपासून इथेच राहतो हे दाखवा, नाहीतर अतिक्रमण म्हणून उठा. साहेब येऊन पाहणी करून गेला आणि लिहून गेला की बेटावर एकाही घराचा पाया जुना नाही, सबब हे लोक अलीकडे आलेले आहेत.

“पाया जुना राहील कसा?” देवाजीभाऊ म्हणाला. “हे बेट एका जागी बसून नाई राहत, मॅडम. चालते. वरून नदी खाते, खालून गाळ टाकते. वरच्या टोकाचं घर पाण्याजवळ आलं का आम्ही ते उतरवतो. कवेलू, लाकडं, चुलीचे गोटे, सगळं उचलून खालच्या टोकाले नेऊन मांडतो. मंग त्याच्या खालचं घर वरचं होते. माह्या आज्याचा पाया पाहाचा हाये? तिकडे.”

त्याने वल्ह्याने वरच्या अंगाला नदीत दाखवलं. नुसतं पाणी.

म्हणजे पुरावा सगळा नदीच्या पोटात, आणि साहेब बूट न भिजवता परत गेलेला. सरकारी माणसाची अक्कल मी रोज पासपोर्ट फोटो काढताना बघते, त्यामुळे नवल वाटलं नाही. पण म्हाताऱ्या लोकांचा जबाब कायद्यात चालतो, असं कोणीतरी वकिलाने देवाजीभाऊला सांगितलं होतं. म्हणून मी.

चिंचेखाली सतरंजी टाकली, ट्रायपॉड लावला, पहिल्या म्हातारीच्या पदराला माईक अडकवला. म्हटलं, बाई, तुमच्या घराचा इतिहास सांगा. तिने खाकरून सुरुवात केली आणि शेजारच्या घराचं सांगायला लागली. त्यांचा आजा कुठून आला, पटकीच्या साथीत कोण गेलं, वाघ पोहून आला तेव्हा कोणाची बकरी नेली... मी थांबवलं. बाई, तुमचं घर. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी तिला भर चौकात लुगडं सोडायला सांगितलं.

“आपलं घर आपण नाई सांगत इथी,” देवाजीभाऊ म्हणाला. “वरच्या घराचं खालचं घर सांगते. सगळ्यात खालच्या घराच्या खाली कोणी नाई, त त्याचं सगळ्यात वरचं घर सांगते. असं गोल.”

“काऊन?”

“आपल्या तोंडानं आपलं घर सांगितलं का नदीले पत्ता लागते.”

मी तोंडावर हात ठेवला. हसू दाबायला. नदीला पत्ता! पोस्टमन आहे का ती? पण धंदा म्हणजे धंदा. म्हटलं ठीक आहे, ज्याला ज्याचं सांगायचं ते सांगू द्या, खाली नावाची पट्टी टाकीन.

तसं काम सुरळीत झालं. एकेक येऊन आपल्या वरच्या घराचं सांगून जायचं, आणि कबूल करते, ती माणसं चांगली सांगत होती. कारण दुसऱ्याच्या घराचं सांगताना कोणी फुशारकी मारत नाही. अमक्याचा बाप मासे चोरायचा, तमक्याची सून भांडून निघून गेली, सगळं बाहेर. ज्याचं घर तो समोर बसून ऐकायचा, मान खाली घालून. आणि प्रत्येक घराची गोष्ट फिरून एकाच जागी यायची — ‘मंग सोमाच्या घरानं यायले जागा देल्ली’. सोमाचं घर म्हणजे बेटावरचं पहिलं घर. बाकी सगळे नंतर आलेले. आता सोमाचं घर कोणतं, तर आत्ता अगदी वरच्या टोकाला नदीच्या तोंडाशी उभं होतं ते. त्यात अनसाबाई एकटी राहत होती. सत्तरीच्या पुढची, वाळकी, ताठ, बोलायला कमी. सोमाच्या नातवाची ती मुलगी, नवरा घरजावई होता तो वारला, मूलबाळ नाही.

आणि इथे गाडी अडली.

सोमाच्या घराची गोष्ट सांगायचा मान तिच्या खालच्या घराचा, म्हणजे पोचक्का नावाच्या बाईचा. पोचक्काला ती तिच्या सासूकडून मिळालेली. आणि पोचक्का होळीच्या आगेमागे डांगरवाडीत काम करता करता बसली ती उठलीच नाही. पोटी कोणी नाही, सून नाही, गोष्ट कोणाला दिलेली नाही. म्हणजे सगळी घरं म्हणणार की आम्हाला सोमाने जागा दिली, आणि सोमा कोण, कधी आला, हे सांगणारं तोंडच नाही. वकिलाने सांगितलं होतं की पहिलं घर उभं राहिलं नाही तर बाकीचं सगळं हवेत.

“मग या सांगतील की,” मी अनसाबाईकडे बोट केलं. “यांच्याच घराचं आहे.”

अनसाबाई म्हणाली, “मी नाई सांगत.”

देवाजीभाऊने हात जोडले. लोकांनी समजावलं. पुढच्या आठवड्यात सुनावणी होती. एका म्हाताऱ्याने तर रडून दाखवलं. अनसाबाई आपली एकच, मी नाई सांगत. माह्या तोंडानं घर नाई बुडवत.

माझं डोकं फिरलं. ऊन मी म्हणत होतं, बॅटरी उतरत होती, आणि साऱ्या गावाच्या डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आलेली असताना ही बाई नदीला पत्ता लागेल म्हणून गप्प. सरळ सांगितलं मी तिला. म्हटलं, बाई, नदी काय करायची ते करेल, तुम्हाला तर साहेब बुडवणार आहे, तेही कोरड्यात. एवढं काय अवघड आहे? हे बघा, असं बसायचं, असं बोलायचं.

आणि तिला दाखवायला म्हणून मी सतरंजीवर बसले. कॅमेरा चालू होता, माईक मी माझ्या दुपट्ट्याला लावला. पदर घेतल्यासारखं केलं, मान हलवली, म्हातारीची नक्कल करायची म्हणून. दोन-चार पोरी खिदळल्या. मी म्हटलं, “हे सोमाचं घर —”

एवढंच. मला विचाराल तर मी एवढंच बोलले. नक्कल झाली, मी उठले, माईक काढला.

कोणी हसत नव्हतं. खिदळणाऱ्या पोरी आईला चिकटून उभ्या होत्या. देवाजीभाऊ खाली बसला होता. चिंचेची सावली माझ्या बॅगेवर होती ती सरकून पार सतरंजीच्या पलीकडे गेली होती, बॅग उन्हात तापली होती. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, मॅडम, पाणी प्या.

ऊन लागलं असेल, मला वाटलं. मग मी क्लिप लावली.

क्लिप मोठी आहे. मी शूट करते त्या बारशाच्या व्हिडिओपेक्षा मोठी. त्यात मी बसलेली दिसते, डोळे उघडे, चेहरा माझा, आवाज माझाच. भुताचा घोगरा आवाज वगैरे काही नाही, आमच्या चॅनलवाल्याला ही क्लिप फुकट दिली तरी तो घेणार नाही. फक्त बोलते आहे ती मी नाही. आमच्या घरात हिंदी चालते, बाजारात मी राजुऱ्याची मराठी बोलते. ही बाई त्या काठाची बोलते, मधे मधे तेलुगू शब्द टाकून. आणि नक्कल करत नाही. भाजी निवडता निवडता बोलावं तसं बोलते.

थोडं लिहून काढलं आहे ते देते.

“हे सोमाचं घर. सोमा तराफ्यावरचा माणूस. वरच्या जंगलातले सागाचे ओंडके बांधून ठेकेदारासाठी खाली न्याचा. तराफा इथी वाळूत रुतला. बाकीचे उतरून पायी निंगून गेले, सोमा बसून राह्यला. ठेकेदाराचा माणूस पाहाले आला, तवर ओंडक्याचं घर उभं होतं. सोमा म्हणे, ओंडके वाहून गेले, हे माह्यं घर हाये...”

म्हणजे या बेटाचा गौरवशाली इतिहास चोरीच्या लाकडापासून सुरू होतो. मला तो सोमा एकदम पटला.

मग सोमाचा मुलगा लहानू, लहानूच्या मुलाचं लग्न, लछमी नावाची सून. घर किती वेळा उतरवलं, कोणत्या पुरात कोणती भिंत गेली. सगळं साधं. आणि मग हे —

“लछमीची पोरगी अनसा. पूर चढून राह्यला होता, मानसं घर उतरवून राह्यली होती. पोरगी अंगणात होती, मंग नव्हती. लछमी बोलली नाई, जेवली नाई. पाणी उतरता उतरता वरून एक डोंगा आला, मोकळा. मोकळा नव्हता, टोपलीत बिड्डा होती. लछमी पाण्यात गेली आन् घेऊन आली. म्हणे, अनसा भेटली. खालच्या घरच्या बाईनं पाह्यलं. अनसाच्या कानामागं डाग होता, हिच्या नाई. बाई म्हणे, हो, अनसाच हाये. मंग सगळे म्हणाले, हो, अनसाच हाये. वर कोणाचं गाव बुडालं ते कोणी विचारलं नाई. विचारलं असतं त बिड्डा परत देऊन टाकावी लागली असती. लछमी तिले पाण्यात नाई उतरू देत. लोक हसतात, ढिवराची पोरगी आन् पोहता नाई येत. लछमी म्हणते, नदीनं चुकून देल्ली. आठवण झाली का परत मागल.”

‘बिड्डा’ म्हणजे लेकरू, लेक. तो शब्द मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हता, देवाजीभाऊला विचारावा लागला.

ही क्लिप मी तिथेच कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत होते आणि अनसाबाई माझ्या बाजूला उभी राहून दुसऱ्यांदा ऐकत होती. मला तिच्याकडे बघवेना. लोकांच्या लग्नात नवरीच्या आईचा रडका चेहरा झूम करून घेणारी बाई आहे मी, पण नाही बघवलं. ती रडत नव्हती. तिने मला विचारलं, “लछमी माह्यी माय. तिनं खरंच असं म्हटलं?”

मी म्हटलं, बाई, मला काय माहीत. मी नाही बोलले हे.

ती खाली बसली. मग माझ्याशी नाही, वाळूशी बोलल्यासारखी म्हणाली, “मले वाटे, तिले माह्यी लाज वाटते. सगळ्या पोरी आपापल्या मायसंगं नदीत. मले एकटीले घरी कोंडून जाये. मी मोठी झालो तरी मले वाटे, मी तिले आवडतच नाई.”

मला राग येत होता. कोणाचा ते कळत नव्हतं. एका म्हातारीला तिच्या म्हातारपणी सांगायचं की तू तू नाहीस, तुझं नाव एका मेलेल्या पोरीचं आहे, आणि ते सांगायला माझं तोंड वापरायचं, न विचारता! भुतं असलीच तर त्यांना काही रीतभात नाही, हे नोंदवून ठेवते.

मग अनसाबाई उठली. देवाजीभाऊला म्हणाली, “मंग हे घर माह्यं नाई ना?”

तिने उत्तराची वाट बघितली नाही.

“माह्यं नसन त मी सांगू शकतो.”

आणि ती जाऊन सतरंजीवर बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. मी धावत जाऊन माईक लावला. तिने कॅमेऱ्यात बघितलं आणि पहिलं वाक्य म्हटलं — हे घर माह्यं नाई, मी डोंग्यातून आलो. मग सोमा, ओंडके, लहानू, लछमी, मी बोललेलं सगळं, आणि त्याच्यापुढे तिचं स्वतःचं आयुष्यभराचं साठलेलं, जे ती कधीही कोणाला सांगू शकली नव्हती. लहानूने लावलेली ही चिंच. घर उतरवताना आधी चुलीचे गोटे न्यायचे, मग माणसं. लछमी म्हातारपणी आंधळी झाली तरी हिच्या पायाचा आवाज ओळखायची. मी आजवर शेकडो माणसं शूट केली. असं बोलताना कोणाला ऐकलं नाही.

आता शंकासुरांसाठी. मी स्वतः तुमची राणी आहे, तेव्हा तुमचे प्रश्न मला माहीत आहेत.

उन्हाचा झटका? उन्हाने माणूस बरळतो, खरं बोलत नाही. देवाजीभाऊने वाटेत सांगितलं असेल? देवाजीभाऊलाच माहीत नव्हतं, त्याचा चेहरा क्लिपच्या शेवटी फ्रेमच्या कडेला आला आहे, असा अभिनय येत असता तर तो मासे कशाला धरत बसला असता. अब्बांनी लहानपणी मला सांगितलं असेल? अब्बांना विचारलं. ते देवाजीभाऊच्या लग्नाला काठावरच्या मांडवापर्यंत गेले, डोंग्यात बसले नाहीत, पाण्याला घाबरतात. पोचक्काचं नाव त्यांनी ऐकलेलं नाही. क्लिपमध्ये कोणी काही घुसवलं? तसं घुसवणारी आमच्या तालुक्यात एकच बाई आहे, आणि ती तुमच्याशी बोलते आहे.

आणि मल्लय्या. हा पोचक्काचा दीर, तरुणपणीच पलीकडच्या काठाला तेलंगणात घरजावई गेलेला, ऐंशी ओलांडलेला. बेटाच्या रीतीने जो नदीपार गेला त्याला बेटावरच्या घरांबद्दल विचारत नाहीत. मी विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंग्यातून गेले, देवाजीभाऊला तोंड उघडायचं नाही अशी तंबी देऊन. मल्लय्याला एवढंच विचारलं की सोमाच्या घरची अनसा आठवते का. तो म्हणाला, कोणती? मी म्हटलं, कोणती म्हणजे? तर म्हणाला, एक गेली ती, का एक आली ती?

पुढे त्याने टोपलीसुद्धा सांगितली. लहान होता, काठावर उभा राहून बघत होता. म्हणाला, आईने गालावर एक चापट दिली आणि सांगितलं, तुले काही दिसलं नाई.



परत आल्यावर घाटावर देवाजीभाऊने मला बाजूला घेतलं. बिचारा चुळबुळ करत होता. “मॅडम, अनसाबाईच्या व्हिडिओतलं ते पहिलं वाक्य... आन् डोंग्याचं. तेवढं काढता येईल? बाकी राहू द्या.” बरोबरच होतं त्याचं. साहेब लोक तेवढंच धरून बसणार. आणि तेवढं काढणं माझ्या डाव्या हाताचा खेळ, सांधा कोणाच्या बापाला दिसला नसता.

मी अनसाबाईला जाऊन विचारलं. म्हटलं, बाई, तुमच्याच भल्याचं आहे.

“कापू नोको,” ती म्हणाली. “तेवढीच माह्यी माय हाये त्यात.”

नाही कापलं.

सुनावणी झाली. कोणत्या ऑफिसात ते लिहीत नाही, सगळी सारखीच असतात, खुर्चीवर टॉवेल आणि टेबलावर काच. साहेबाने लॅपटॉपवर क्लिप बघितल्या, मधेच फोनवर बोलला, चहा पिला. अनसाबाईची मात्र पूर्ण बघितली. माझी तर दाखवलीच नाही, दाखवून काय सांगणार होतो, ही राजुऱ्याची फोटोवाली आणि हिच्या अंगात बेट आलं होतं?

पावसाळ्याआधी निकाल आला. चिचबेटावरची घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत, हे मान्य. सोमाच्या घराच्या जबाबावरून मान्य. सगळ्यांचे दावे मंजूर. एक सोडून. अनसाबाईच्या अर्जावर शेरा होता की अर्जदार स्वतःच सदर घर आपले नसल्याचे सांगते, सबब नामंजूर.

वाचा परत. तिच्या शब्दावर विश्वास ठेवून साऱ्या गावाला घरं दिली, आणि त्याच शब्दावर विश्वास ठेवून तिचं काढून घेतलं. यांना भूत म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी तरी झुडपामागच्या सावलीला यांच्यापेक्षा बरी समजते.

मी त्या ऑफिसात जाऊन भांडले. उपयोग झाला नाही, पण बरं वाटलं. अपील टाकलं आहे, मल्लय्याचा जबाब मी जाऊन शूट केला. साहेब म्हणतात, तो दुसऱ्या राज्याचा रहिवासी. बघू.

त्या पावसात नदीने वरच्या टोकाची भिंत नेली. बेटाने कोणाला न विचारता सोमाचं घर उतरवलं आणि खालच्या टोकाला नेऊन मांडलं, अर्ज नामंजूर असताना. मी तेव्हा गेले होते, शूटिंगला नाही, अशीच. अनसाबाई चुलीजवळ बसली होती. मी तिला म्हटलं, बाई, मी त्या दिवशी नक्कल करायला बसले नसते तर तुमचं घर कागदावर राहिलं असतं. ती म्हणाली, “कागदावर राह्यलं असतं. मी मात्र नावडतीच मेलो असतो.”

मी चहा घेतला. ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, “पोरी, तुह्या तोंडातून कोण बोलत होतं? पोचक्का का माह्यी माय?”

मी खरं ते सांगितलं. मला नाही माहीत, बाई. क्लिप इतक्या वेळा बघितली, आवाज वेगळा काढून ऐकला, मागचा आवाज गाळून ऐकला. माझाच आवाज आहे, दुसरं काही नाही. कोण होतं, काऊन माझ्याकडे आलं, मला काहीच सांगता येत नाही.

“मले माहीत हाये,” अनसाबाई म्हणाली, आणि चुलीत लाकूड सारलं.

मी वाट बघितली. तिने सांगितलं नाही. ते तिच्या घराचं होतं.